चकमकी पिस्तुलांच्या प्रतिकृतींचा संग्रह: कागदांपासून कपाटापर्यंतचा क्रम

जुन्या चकमकी पिस्तुलांच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या पिस्तुलांच्या, प्रतिकृती जमवण्याची हौस नागपुरात नवी नाही. मात्र ज्यांचे संग्रह पाहण्यात येतात, त्यांपैकी बहुतेकांनी क्रम उलटा धरलेला असतो. आधी वस्तू घेतली जाते, मग ती कशाची प्रतिकृती आहे हे शोधले जाते, त्यानंतर घरी आणून ती चकचकीत घासली जाते आणि कोणी विचारले की मग बिलाची व कायद्याची आठवण होते. या वरातीमागून निघालेल्या घोड्यांमुळे पैसे तर जातातच, शिवाय कधीकधी वस्तूही जाते. म्हणून खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने करावेत. एखादा टप्पा वगळला तर चालेल का, असा प्रश्न पडल्यास दुसरा आणि सहावा टप्पा कोणत्याही परिस्थितीत वगळू नये.

## भागांची नावे, कामापुरती

पुढच्या तपासण्या समजण्यासाठी काही शब्द नक्की असावेत. ज्यातून गोळी जाते ती नळी. हातात धरायचा आणि नळीखाली पुढपर्यंत जाणारा लाकडी भाग म्हणजे दस्ता. बोटाने ओढायचा तो चाप. दगड जबड्यात धरून पुढे आपटतो तो घोडा. दगड ज्या उभ्या पोलादी पट्टीवर घासून ठिणग्या पडतात, तिला संग्राहक फ्रिझन म्हणतात. तीच पट्टी खालच्या रंजकाच्या, म्हणजे ठिणगीने आधी पेटणाऱ्या बारीक दारूच्या, वाटीचे झाकणही असते. वाटीतून नळीत जाणारे बारीक छिद्र म्हणजे कान. नळीखाली खोवलेली काठी म्हणजे गज. घोडा, फ्रिझन, वाटी आणि आतल्या कमानी ज्या पट्टीवर बसवलेल्या असतात, त्या सगळ्या यंत्रणेला मिळून लॉक म्हणतात.

## टप्पा १: विषय ठरवावा आणि मापे लिहून काढावीत

"जुनी पिस्तुले" हा संग्रहाचा विषय होऊ शकत नाही, कारण त्यात काय घ्यायचे नाही हे ठरत नाही. एखादा देश, एखादे सैन्य किंवा एखादी रचना निवडावी. ब्रिटिश घोडदळाची व नौदलाची पिस्तुले, ईस्ट इंडिया कंपनीची पिस्तुले, नेपोलियनच्या काळातील फ्रेंच पिस्तुले किंवा द्वंद्वयुद्धासाठी जोडीने बनवलेली लंडनची पिस्तुले, असे विषय पुरेसे मर्यादित आहेत आणि त्यांच्या प्रतिकृतीही मिळतात.

विषय ठरल्यावर मूळ नमुन्याची मापे वहीत लिहावीत. उदाहरणार्थ, ब्रिटिशांच्या १८०२ च्या सुमाराच्या 'न्यू लँड' नमुन्याची नळी ९ इंचांची म्हणजे सुमारे २३ सेंटीमीटर, नळीचा आतला व्यास ०.६५ इंच आणि गज नळीच्या तोंडाशी बिजागरीने कायमचा जोडलेला असतो. नौदलाच्या लांब पिस्तुलाची नळी १२ इंचांची असून कमरपट्ट्यात अडकवण्यासाठी बाजूला पोलादी आकडा असतो. अमेरिकेच्या हार्पर्स फेरी येथील १८०५ च्या नमुन्याची नळी १० इंच आणि व्यास ०.५४ इंच आहे. फ्रेंच १७७७ च्या नमुन्यात नळीखाली लाकूड नसते आणि लॉकचे भाग पितळी चौकटीत बसवलेले असतात. त्याचे चित्र एकदा नीट पाहिले की ते दुसऱ्या कशाशीही मिसळत नाही. 'क्वीन ॲन' नावाने ओळखल्या जाणाऱ्या पिस्तुलाची नळी पेचाने फिरवून काढता येते आणि त्याला गज नसतो. त्यामुळे गज लावलेले 'क्वीन ॲन' कोणी दाखवले, तर पुढे बोलण्याची गरज नाही.

सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, एक फेरी याच टप्प्यावर मारावी. आपल्याला हवा तो नमुना तेथे असलाच पाहिजे असे नाही. दोनशे वर्षे हाताळल्या गेलेल्या लोखंडाची आणि लाकडाची झीज कुठे होते, कडा कशा गोल होतात, पितळेचा रंग कसा बसतो, हे खऱ्या वस्तूंवर पाहिलेले असले की चौथ्या टप्प्यात त्याचा उपयोग होतो.

तपासणी: निवडलेल्या प्रत्येक नमुन्यासमोर नळीची लांबी, व्यास, एकूण लांबी, पितळी की पोलादी जोडणी, गजाची पद्धत आणि लॉकवरील खुणा, एवढे सहा रकाने भरले आहेत का? भरले नसतील तर बाजारात जाऊ नये.

## टप्पा २: कायद्याची बाजू, सौदा ठरवण्याआधी

नेमके इथेच बहुतेकांचे घोडे अडते. "जुन्या पद्धतीचे पिस्तूल आहे, त्याला परवाना लागत नाही" हे वाक्य बाजारात सर्रास ऐकू येते आणि ते अर्धवट आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये सूट आहे, हे खरे. परंतु ती सूट जुन्या घाटाच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त अशा शस्त्रांना आहे, जी दुरुस्ती करून किंवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नाहीत. वाक्याचा हा उत्तरार्ध विक्रेते गाळतात. कालच तयार झालेल्या, पण कान आरपार असलेल्या, नळी पोकळ असलेल्या आणि दारू भरून उडवता येणाऱ्या चकमकी पिस्तुलाला केवळ त्याचा घाट १८०० सालचा आहे म्हणून सूट मिळत नाही. दारूच्या जोरावर गोळी फेकण्यासाठी बनवलेली वस्तू कायद्याच्या दृष्टीने अग्निशस्त्रच आहे.

आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपूर भागात भरमार बंदुकांच्या बातम्या नेहमी येतात. तोंडाकडून दारू भरायची ती बंदूकही शस्त्रच धरली जाते, आणि पिकांच्या राखणीसाठी कायद्यात असलेली परवान्याची तरतूद मुख्यतः भरमार बंदुकीसाठी आहे. ती पिस्तुलाला लागू करून घेता येत नाही.

त्याच अधिनियमाचे कलम ६ संग्राहकाने पाठच करावे. अग्निशस्त्रासारखी दिसणारी कोणतीही वस्तू परवान्याशिवाय अग्निशस्त्रात रूपांतरित करण्यास त्यात मनाई आहे. शोभेच्या प्रतिकृतीचा बंद कान "खरा वाटावा" म्हणून ड्रिलने उघडणे किंवा भरीव नळी खरवडून पोकळ करणे म्हणजे याच कलमाच्या कक्षेत स्वतःहून जाऊन बसणे होय.

यापुढची पायरी कंटाळवाणी असली तरी करावी. कोणत्या प्रकारची प्रतिकृती घेणार आहोत, ती कोणत्या धातूची आहे, नळी व कान बंद आहेत, हे एका पानावर लिहून, विक्रेत्याने दिलेले छायाचित्र जोडून, पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रतिकृतींचाही विचार केलेला असल्याने, आपल्या वस्तूला त्यातील नेमके काय लागू होते हे संबंधित शाखेकडूनच लेखी समजून घेतलेले बरे. तोंडी मिळालेले "काही हरकत नाही" हे नंतर कोणालाच आठवत नाही. परदेशातून मागवायचे असेल तर सीमाशुल्काच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी आणि मालाचा दलाल ठरवताना त्याने शस्त्रसदृश वस्तू आधी सोडवल्या आहेत का, हे विचारावे.

इशारा: शंभर किंवा त्याहून अधिक वर्षे जुनी खरी वस्तू समोर आली, तर तिला पुरातन वस्तू व कला संपदा अधिनियम १९७२ लागू होतो. अशा वस्तूंच्या विक्रीच्या व्यवसायासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. प्रतिकृतींच्या संग्राहकाने असा सौदा घाईने करू नये.

## टप्पा ३: प्रतिकृतीचा प्रकार ओळखावा

बाजारात प्रतिकृती म्हणून तीन वेगळ्या वस्तू एकाच फळीवर ठेवलेल्या असतात. पहिला प्रकार जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव प्रतिकृतींचा. स्पेनच्या मिनोर्का बेटावरील देनिक्स कंपनीचा माल याच जातीचा आहे. घोडा मागे येतो, चाप ओढल्यावर खटकन पुढे पडतो, पण नळी उडवण्यायोग्य नसते. दुसरा प्रकार राजस्थानातील हस्तकला बाजारातून येणारा, लोखंडी किंवा पितळी नळीचा आणि शिसमाच्या किंवा आंब्याच्या लाकडाचा. यात गुणवत्तेचा फरक प्रचंड असतो आणि काही वेळा नळी खरोखरच पोकळ असते, म्हणून सर्वांत जास्त तपासणी याच प्रकाराची करावी. तिसरा प्रकार इटलीतील पेदेरसोली यांसारख्या कारखान्यांच्या, प्रत्यक्ष उडवता येणाऱ्या पिस्तुलांचा. परदेशातील संकेतस्थळांवर त्यांनाही प्रतिकृतीच म्हणतात, पण आपल्या दृष्टीने ती सरळ अग्निशस्त्रे आहेत आणि या लेखाच्या कक्षेबाहेर आहेत.

नवख्याने पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात हातकामाचा जिवंतपणा नसतो, हा आक्षेप मान्य आहे. पण मापे बऱ्यापैकी नेमकी असतात, खोके व माहितीपत्रक मिळते आणि कायद्याच्या दृष्टीने वस्तूचे स्वरूप समजावून सांगणे सोपे जाते.

## टप्पा ४: हातात घेऊन तपासणी

इतवारीत असो, सदरमध्ये असो की एखाद्या हस्तकला प्रदर्शनात, दुकानात जाताना चार गोष्टी खिशात असाव्यात: छोटे लोहचुंबक, मोजपट्टी, भिंग आणि एक सरळ लाकडी काडी. तपासणी पुढील क्रमाने करावी.

१. काडीची तपासणी. पिस्तूल कोणाकडेही रोखलेले नाही, याची खात्री करून ते आडवे धरावे. गुल झडलेली अगरबत्तीची काडी या कामाला उत्तम. ती नळीच्या तोंडातून हलकेच आत सरकवावी. अडेल तेथे तोंडाच्या कडेशी नखाने खूण करावी आणि बाहेर काढून तीच काडी नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून धरावी. शोभेच्या प्रतिकृतीत काडीचे टोक बहुधा तोंडापासून थोड्याच अंतरावर थांबलेले दिसते, म्हणजे पुढची नळी भरीव आहे. टोक थेट कानापर्यंत पोहोचले तर नळी पोकळ आहे. मग कानात बारीक टाचणी जाते का, ते पाहावे. दोन्ही उघडे असतील तर वस्तू खाली ठेवावी आणि दुसऱ्या टप्प्याकडे परत जावे.

इशारा: कोणाच्या वाड्यातून निघालेली, खरोखर जुनी वाटणारी वस्तू तपासताना काडी कानाच्या बरीच अलीकडे थांबली, तर आत जुना बार तसाच ठासलेला असू शकतो. काडीने टोचू नये, कानात काही घालू नये, ऊन किंवा उष्णता देऊ नये. वस्तू जिथे आहे तिथेच ठेवून पोलिसांना कळवावे. काळी दारू कोरडी राहिली तर अनेक दशकांनंतरही पेट घेते.

२. लोहचुंबक. नळी, लॉकची पट्टी, घोडा आणि स्क्रू यांना वेगवेगळे लावून पाहावे. सगळीकडे चिकटले तर लोखंड किंवा पोलाद. कुठेच चिकटले नाही तर जस्ताचा मिश्रधातू किंवा पितळ. नळीला चिकटते पण लॉकला नाही, असे झाल्यास जोडकाम आहे. जोडकाम वाईटच असते असे नाही, पण किंमत त्यानुसार असावी.

३. सांध्याची रेघ. ओतीव वस्तूवर साच्याचे दोन भाग जुळतात तेथे बारीक रेघ राहते. चापाच्या कड्याच्या आतल्या बाजूला ती घासून काढणे अवघड असते, म्हणून भिंग तेथेच लावावे.

४. घोड्याच्या दोन जागा. घोडा मागे ओढताना पहिला खटका मध्यावर आणि दुसरा पूर्ण मागे ऐकू यावा. मध्यावर असताना चाप ओढल्यास घोडा पडता कामा नये. पडला, तर आतले खाच झिजलेले किंवा निकृष्ट आहेत. ही तपासणी करताना घोडा अंगठ्याने धरून ठेवावा. जस्ताच्या घोड्याची मान पुन्हा पुन्हा आपटल्याने मोडते आणि ती डिंकाने जुळत नाही.

५. स्क्रू. सगळ्या स्क्रूंच्या डोक्यावर एकच सरळ खाच असावी. फुलीची खाच दिसली तर ती त्या काळाची नक्कल नाही.

६. मापे. वहीतील रकान्यांशी जुळवावीत. नळी अर्ध्या सेंटीमीटरने कमीजास्त असणे चालते. तीन सेंटीमीटरचा फरक असेल तर ती प्रतिकृती नसून कल्पनाविलास आहे.

७. खुणा आणि अक्षरे. इथे फसगत सर्वाधिक होते, म्हणून जरा थांबावे. ब्रिटिश लॉकवर मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे आणि पट्टीच्या मागच्या टोकाला 'टॉवर' (लंडनचे सरकारी शस्त्रागार) हा शब्द असतो. चकमकीच्या काळात १७६४ नंतर सरकारी लॉकवर साल घालण्याची पद्धत बंद झाली होती, त्यामुळे 'टॉवर १७९६' अशी ठळक अक्षरे कोरलेले पिस्तूल मूळ नमुन्याची काळजीपूर्वक केलेली नक्कल नाही, एवढे समजावे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लॉकवर आधी चार खणांत विभागलेले हृदय आणि १८०८ च्या सुमारापासून मागच्या पायांवर उभा सिंह असतो. दोन्ही एकाच पट्टीवर दिसले तर कारागिराने दोन चित्रे समोर ठेवून काम केलेले आहे. बंदुकांच्या नळ्या तपासून त्यांवर खूण उमटवणारे बर्मिंगहॅमचे तपासणीगृह १८१३ मध्ये स्थापन झाले, त्यामुळे त्याच्या खुणा असलेले आणि "अठराव्या शतकातील" म्हणून दाखवलेले पिस्तूल त्या शतकाचे असू शकत नाही.

८. लाकूड. युरोपीय मूळ नमुने प्रामुख्याने अक्रोडाच्या लाकडाचे. शिसम जड, गडद आणि ठळक रेषांचे असते. ते प्रतिकृतीत चालते, पण विक्रेता ते अक्रोड म्हणून विकत असेल तर बाकीच्या बोलण्याकडेही संशयाने पाहावे. आंब्याच्या लाकडात सुईच्या टोकाएवढी छिद्रे आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली, तर कीड जिवंत आहे; अशी वस्तू घरात आणणे म्हणजे घरच्या फर्निचरलाही निमंत्रण देणे.

"साहेब, भोसलेकालीन आहे, सीताबर्डीच्या लढाईतले" हे वाक्य नागपुरात केव्हा ना केव्हा कानावर पडतेच. लढाई १८१७ ची आहे, हे विक्रेत्यालाही ठाऊक असते. अशा वेळी वाद घालू नये. गंज कुठे आहे तेवढे पाहावे. आम्लाने आणलेला गंज स्क्रूच्या खाचेत, पट्टीच्या सपाट भागावर आणि कडांवर सारखाच पसरलेला असतो. खऱ्या वापरात हात लागणाऱ्या कडा गुळगुळीत होतात आणि गंज कोपऱ्यांत, हात न पोहोचणाऱ्या जागी उरतो.

## टप्पा ५: बिल आणि नेआण

बिलावर "शोभेची वस्तू" एवढेच लिहून घेऊ नये. "चकमकी पिस्तुलाची न चालणारी प्रतिकृती, नळी व कान बंद, धातू अमुक" असे पूर्ण वर्णन, विक्रेत्याचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि दिनांक असावा. विक्रेता असे लिहून देण्यास तयार नसेल, तर तेथे खरेदी न करण्यास ते एकच कारण पुरेसे आहे.

घरी आणताना वस्तू बंद पेटीत, गाडीच्या डिक्कीत ठेवावी आणि बिलाची प्रत सोबत असावी. विमानाने येताना प्रतिकृतीही केबिनमध्ये नेता येत नाही. तपासणीच्या सामानात टाकण्याआधीही विमान कंपनीकडून लेखी होकार घ्यावा. कुरियरने मागवल्यास पार्सलवर खरे वर्णन असावे. "खेळणी" लिहून पाठवलेले पार्सल स्कॅनिंगमध्ये अडकले की खुलासा पाठवणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला करावा लागतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश अधूनमधून निघत असतात, त्या काळात प्रतिकृती घेऊन शहरात फिरणे टाळावे.

## टप्पा ६: आधी नोंद, मग कापड

वस्तू घरी आली की पहिला हात पॉलिशच्या डबीकडे जातो. तो आवरावा. स्वच्छ केल्यानंतर वस्तू मूळ कशी होती, कोणती खूण कुठे होती, विक्रेत्याने सांगितल्यापेक्षा वेगळे काय निघाले, हे दाखवणारा पुरावा राहत नाही.

नोंदवहीत क्रमांक, खरेदीची तारीख, बिल क्रमांक, मूळ नमुना, मोजलेली मापे, धातू, लाकूड, दिसणारे दोष आणि काडीच्या तपासणीचा निष्कर्ष लिहावा. छायाचित्रे दोन्ही बाजूंनी, वरून, तोंडाकडून आणि लॉकजवळून घ्यावीत. प्रत्येकात मोजपट्टी दिसावी. बंद कानाचे स्वतंत्र, जवळून घेतलेले छायाचित्र छापून बिलासोबत ठेवावे, कारण उद्या कोणी विचारणा केली तर तेच पहिल्यांदा मागितले जाईल. क्रमांकाची कागदी चिठ्ठी पांढऱ्या सुती दोऱ्याने चापाच्या कड्याला बांधावी, चापाला नव्हे. वस्तूवर मार्करने लिहू नये आणि चिकटपट्टी लावू नये.

तपासणी: नोंदवही वाचून, वस्तू न पाहता, ती कपाटातील इतर वस्तूंमधून ओळखता येईल का?

## टप्पा ७: स्वच्छता

हातमोजे घालावेत, घामाच्या मिठाने पोलादावर बोटांचे ठसे गंजून उमटतात. मऊ ब्रशने धूळ झाडावी, मग कोरड्या सुती कापडाने पुसावे. बहुतेक प्रतिकृतींना एवढे पुरते.

पोलादी नळीला शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा हलका हात द्यावा आणि जास्तीचे तेल पुसून घ्यावे. लाकडात मुरलेले तेल डाग पाडते. पितळेवर चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर वापरू नये, कारण आम्लाचा अंश पितळ आणि लाकूड यांच्या फटीत राहतो आणि काही महिन्यांत तेथे हिरवा थर येतो. जस्ताच्या प्रतिकृतीला कोणतेही पॉलिश लावू नये. तिचा जुनाट रंग हा वरचा पातळ थर असतो, तो गेला की खालचा पांढरट धातू उघडा पडतो. सॅनिटायझर आणि स्पिरिट दूर ठेवावे, लाखेचे पॉलिश त्यात विरघळते. लाकूड व धातू दोन्हींवर चालणारे एकच संरक्षण हवे असेल, तर संग्रहालयात वापरतात ते सूक्ष्मस्फटिकी मेण (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स) अगदी पातळ लावावे.

लाकूड फारच कोरडे पडले असेल तर जवसाचे तेल सुचवले जाते. विदर्भात जवस घरोघरी असल्याने घाण्याचे कच्चे तेलच चोळले जाते आणि मग ते महिनोन्‌महिने चिकट राहून धूळ धरते. वापरायचेच तर रंगाच्या दुकानात मिळणारे, लवकर सुकणारे उकळलेले तेल घ्यावे, दोन थेंब पुरतात.

इशारा: जवसाच्या तेलात भिजलेला बोळा कधीही चुरगळून टाकू नये. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि कापडाचा गोळा आपोआप पेटू शकतो. नागपूरच्या मे महिन्यात तर ही शक्यता आणखी वाढते. बोळा पाण्यात बुडवावा किंवा मोकळ्या जागी एकेरी पसरून वाळवावा.

## टप्पा ८: ठेवण, नागपूरच्या हवेत

पुस्तकांतले सल्ले बहुधा थंड देशांसाठी लिहिलेले असतात. त्यांत पावसाळ्याचा ओलावा असतो, पण आपला कूलर नसतो. नागपुरात फेब्रुवारीनंतर हवा इतकी कोरडी होते की दस्त्याचे लाकूड आकसते, नळी धरणाऱ्या खिळ्या सैल पडतात आणि बारीक चिरा दिसू लागतात. मग एप्रिलमध्ये खिडकीत कूलर बसतो आणि त्याच खोलीत दिवसभर ओली हवा येऊ लागते. दुपारी कूलर, रात्री बंद, पुन्हा सकाळी कोरडे ऊन, अशा चढउतारात लाकूड फुगते व आकसते आणि पोलादावर जूनच्या पावसाआधीच गंजाचे ठिपके येतात. पावसाळ्यात काळजी घेणारे लोक मे महिन्यात गाफील असतात, म्हणून गंज कुठून आला हे त्यांना कळत नाही.

उपाय साधा आहे: संग्रहाचे कपाट कूलरच्या खोलीत ठेवू नये. पर्याय नसेल तर कूलरच्या झोताच्या समोरच्या भिंतीला ते कधीही नसावे आणि त्याची दारे घट्ट बसणारी असावीत. आत एक आर्द्रतामापक ठेवावा. लाकूड आणि धातू एकत्र असलेल्या वस्तूंना सुमारे ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते, पण आकड्यापेक्षा तो दिवसभरात किती हलतो हे जास्त महत्त्वाचे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि रंग बदलला की निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे तापवून पुन्हा वापराव्यात. या पुड्या जूनमध्ये घालून ऑक्टोबरमध्ये विसरणे ही नेहमीची चूक. कोरड्या हिवाळ्यात त्या लाकडाचेच पाणी ओढतात, म्हणून दिवाळीनंतर काढून घ्याव्यात.

उन्हाळ्यात दिसलेल्या चिरेत लगेच एम-सील किंवा फेविकॉल भरू नये. पावसाळ्यात लाकूड फुगले की भरलेला पदार्थ त्याला जागा देत नाही आणि शेजारी नवी चीर जाते. सप्टेंबरपर्यंत थांबावे, निम्म्या चिरा आपोआप मिटतात.

कपाटाच्या आत नवे प्लायवूड किंवा एमडीएफ उघडे नसावे, त्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफा शिसे आणि जस्त दोन्ही खातात. पिस्तुलासोबत मिळालेल्या शिशाच्या गोळ्या, नळीत बसोत वा न बसोत, वेगळ्या काचेच्या बाटलीत ठेवाव्यात. त्यांवर पांढरी भुकटी आली तर ती विषारी असते, फुंकर मारून उडवू नये. घोडा नेहमी खाली सोडलेल्या अवस्थेत ठेवावा, नाहीतर आतली कमान थकते.

## टप्पा ९: मांडणी आणि दसरा

भिंतीवर लावायचे असल्यास दोन आधार द्यावेत, एक नळीखाली आणि एक दस्त्याच्या वळणाखाली. चापाच्या कड्यात खिळा अडकवून टांगू नये. बाहेरच्या, पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर तर मुळीच लावू नये. लहान मुलांचे घर असेल तर कुलूपबंद काच हवी. पाहुण्यांच्या मुलांना प्रतिकृती आणि खेळणे यांतला फरक कळत नाही आणि तो त्यांना कळावा अशी अपेक्षाही नसावी.

विजयादशमीला शस्त्रपूजेत या प्रतिकृती मांडण्याची पद्धत अनेक घरांत पडली आहे. मांडाव्यात, पण हळदकुंकू थेट धातूवर किंवा लाकडावर वाहू नये. हळदीचा पिवळा डाग लाखेच्या पॉलिशमध्ये मुरतो, ओले गंध आणि फुलांचे पाणी पोलादावर दुसऱ्या दिवशी गंज दाखवते. पिस्तुलासमोर विड्याच्या पानावर सुपारी मांडून हळदकुंकू तिला वाहावे, झेंडू वस्तूला न टेकता ठेवावा आणि संध्याकाळी कोरड्या कापडाने पुसून वस्तू कपाटात परत जावी. मिरवणुकीत किंवा नाटकात कोणी मागितली, तर आयोजकांकडे पोलिसांची परवानगी आहे का ते आधी पाहावे. चेहऱ्यासमोर रोखून काढलेली रील चोवीस तासांत कोणाच्या मोबाइलवर पोहोचेल, हे सांगता येत नाही, आणि पाहणाऱ्याला नळी भरीव आहे हे दिसत नसते.

## टप्पा १०: वस्तू दुसऱ्याकडे देताना

विकताना किंवा भेट देताना मूळ बिलाची प्रत, बंद कानाचे छायाचित्र आणि नोंदवहीतील पानाची प्रत वस्तूसोबत द्यावी. पोलिसांकडे दिलेल्या अर्जाची पोच आपल्याकडे ठेवून तिची प्रत द्यावी. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख आणि "न चालणारी प्रतिकृती म्हणून मिळाली" या मजकुराखाली त्याची सही नोंदवहीत घ्यावी. वारसांसाठी कपाटाच्या आतल्या बाजूला एक पान लावून ठेवावे, ज्यावर या वस्तू प्रतिकृती आहेत, त्यांची बिले कोणत्या फाइलमध्ये आहेत आणि कोणत्याही वस्तूचा कान उघडू नये, एवढे ठळक अक्षरांत लिहिलेले असेल.